विज्ञान, क्षण आणि काळ: बौद्ध दर्शनाच्या अभ्यासाला बसताना

फोंड्याला आम्ही पाच-सहा जण दर रविवारी संध्याकाळी एकत्र बसून बौद्ध ग्रंथ वाचतो. नवीन येणारा माणूस बहुधा कीर्तन-प्रवचन ऐकत वाढलेला असतो, त्याच्या घरी ज्ञानेश्वरी वाचली गेलेली असते, आणि ‘बौद्ध मतात चैतन्य म्हणजे काय’ व ‘काळ म्हणजे काय’ असे दोन वेगवेगळे प्रश्न घेऊन तो येतो. प्रश्न चांगलेच आहेत. अडचण एवढीच की बौद्ध परंपरेत ते फारसे वेगळे राहत नाहीत. वैशेषिक या वैदिक दर्शनाच्या आचार्यांनी पृथ्वी, जल यांच्याबरोबरीने काळाला नऊ द्रव्यांपैकी एक मानले. बौद्ध आचार्यांनी मात्र, उपजणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या घटना बाजूला काढल्यावर काळ नावाचे काही शिल्लक उरते, हे सहसा मान्य केले नाही. म्हणून जाणीव कशी घडते हे आधी समजून घ्यावे आणि मग काळाकडे वळावे, हा क्रम आम्हाला सोयीचा वाटतो. पुढे दिलेल्या पायऱ्या साधारण दोन महिन्यांत चढता येतात. सोबत एक वही आणि पेन्सिल असावी.

पहिली पायरी: मराठी शब्द धुऊन घ्यावेत

नवख्या मराठी वाचकाला पाली भाषेपेक्षा स्वतःची मराठीच जास्त फसवते, कारण या दर्शनाचे जवळजवळ सगळे महत्त्वाचे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ दुसराच आहे.

‘विज्ञान’ म्हटले की आपल्याला शाळेतला तास आठवतो. बौद्ध ग्रंथांत विज्ञान, पालीत विञ्ञाण, म्हणजे एखाद्या इंद्रियाच्या द्वाराने एखाद्या विषयाची झालेली नुसती जाण. अशी विज्ञाने सहा आहेत: डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन यांची. ‘वेदना’ म्हणजे दुखणे नव्हे. वेदना तीन प्रकारची असते, सुखद, दुःखद आणि या दोहोंपैकी कोणतीच नसलेली. त्यामुळे ‘सुखवेदना’ या शब्दात विरोधाभास नाही. ‘संज्ञा’ म्हणजे व्याकरणातले नाम नव्हे, तर हे निळे, हे पिवळे, अशी खूण पटवणारी क्रिया. ‘संस्कार’ म्हणजे मुंज किंवा घरचे वळण नव्हे. चित्ताला आकार देणाऱ्या, चेतनेसारख्या (म्हणजे इथे हेतूसारख्या) ज्या प्रेरक गोष्टी असतात त्यांचा हा गट आहे. यांत ‘रूप’, म्हणजे भौतिक अंग, मिळवले की पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनलेला आहे ते पाच गट, पूर्ण होतात. सर्वांत घोटाळ्याचा शब्द ‘धर्म’ हा आहे. अभिधर्मात (पालीत अभिधम्म), म्हणजे बुद्धवचनांचे पृथक्करण करणाऱ्या ग्रंथांत, तो अनुभवाच्या त्या अखेरच्या घटकांसाठी वापरला जातो, ज्यांचे आणखी पृथक्करण होत नाही आणि ज्यांना स्वतःचे लक्षण असते.

वहीच्या पहिल्या पानावर हे शब्द पाली रूपात लिहावेत: विञ्ञाण, वेदना, सञ्ञा, संखार, धम्म. निदान महिनाभर नोंदी करताना हीच रूपे वापरावीत, कारण परक्या वाटणाऱ्या शब्दापाशी माणूस थांबतो आणि ओळखीच्या शब्दावरून घसरतो. ‘चैतन्य’ हा शब्द मात्र या अभ्यासापुरता वापरूच नये. त्याच्यामागे वेदान्ताचे इतके मोठे घर उभे आहे की तो उच्चारताच आपण न कळत त्या घरात शिरतो.

दुसरी पायरी: कोळ्याच्या मुलाची चूक समजून घ्यावी

वाचनाची सुरुवात मज्झिमनिकाय या पाली ग्रंथसंग्रहातील ३८व्या सुत्तापासून, म्हणजे उपदेशापासून, करावी. साति नावाचा एक भिक्षू होता. ग्रंथ त्याला ‘केवट्टपुत्त’, म्हणजे मासे मारणाऱ्याचा मुलगा, म्हणतो. त्याचे म्हणणे असे होते की बुद्धांच्या शिकवणीप्रमाणे हेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते, दुसरे कोणते नव्हे. इतर भिक्षूंनी त्याला समजावले, तरी तो हटला नाही. शेवटी बुद्धांनी त्याला बोलावून विचारले की तू म्हणतोस ते विज्ञान कोणते? तो म्हणाला, जे बोलते, जे अनुभवते आणि जे चांगल्या-वाईट कर्मांची फळे इथे-तिथे भोगते, ते. बुद्धांनी त्याला कडक शब्दांत फटकारले आणि प्रत्ययावाचून, म्हणजे कारण जुळल्यावाचून, विज्ञानाची उत्पत्ती नाही, हे आपण अनेक प्रकारे सांगितले असल्याची आठवण करून दिली.

पुढे अग्नीची उपमा येते. ज्या सरपणावर अग्नी जळतो त्यावरून त्याचे नाव पडते: लाकडाचा अग्नी, गवताचा अग्नी, शेणाचा अग्नी. तसेच डोळा आणि रूप (इथे दिसणारा विषय) यांच्या योगाने जे उपजते ते चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांच्या योगाने उपजते ते श्रोत्रविज्ञान. आपल्याकडच्या परसात चुडतांचा, म्हणजे माडाच्या वाळलेल्या झावळ्यांचा, जाळ पेटतो आणि पलीकडे करवंट्यांचाही पेटतो. चुडते जळून संपली म्हणून त्यांचा जाळ उठून करवंट्यांत जाऊन बसत नाही. सातीला वाटत होते की जाळ हा एक प्रवासी आहे आणि सरपण म्हणजे त्याच्या वाटेवरच्या धर्मशाळा.

सातीला हसण्याची घाई कोणी करू नये. आमच्या मंडळात आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी सातीच असतो, आणि मीही होतो. सगळे बदलते, पण ते बदलताना पाहणारा साक्षी तरी स्थिर असला पाहिजे, असे आपल्याला अगदी उघड वाटते. यावर संयुत्तनिकायात एक उपयोगी संवाद आहे. फग्गुन नावाचा भिक्षू विचारतो की स्पर्श कोण करतो, वेदना कोण अनुभवतो? बुद्ध उत्तर देत नाहीत. प्रश्नच नीट मांडलेला नाही, असे सांगतात. वेदना कोणत्या प्रत्ययाने उपजते, असे विचारावे. त्याचे उत्तर आहे, स्पर्शाच्या प्रत्ययाने. ‘कोण’च्या जागी ‘कशामुळे’ ठेवणे, हा या अभ्यासाचा मूळ व्यायाम आहे.

इथे उलट बाजूची चूकही संभवते. विज्ञान प्रत्ययांवर अवलंबून आहे म्हणजे ते शरीराचेच एक काम आहे, असा अर्थ काही आधुनिक वाचक लावतात. सुत्तांत नाम-रूपामुळे, म्हणजे मानसिक आणि भौतिक अंगांमुळे, विज्ञान आणि विज्ञानामुळे नाम-रूप अशी दुहेरी टेकण सांगितली आहे. बुद्धांचे शिष्य सारिपुत्त त्यासाठी एकमेकांवर रेलून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन जुड्यांची उपमा देतात. एक ओढली की दुसरी पडते.

आता व्यायाम. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे एका जागी बसावे आणि नंतर पाच-सहा नोंदी कराव्यात. कौलांवरचा पाऊस, शेजारच्या देवळातली घंटा, मासे तळल्याचा वास, पायाला आलेल्या मुंग्या, मध्येच आठवलेले वीज बिल, असे जे घडले ते लिहावे. एकच अट आहे: ‘मी’ हा शब्द वापरायचा नाही. ‘मी घंटा ऐकली’ असे न लिहिता ‘कान, घंटेचा नाद, ऐकण्याचे विञ्ञाण, वेदना सुखद’ असे लिहावे. पहिले चार दिवस हे हास्यास्पद वाटते. ते वाटू द्यावे.

तिसरी पायरी: आंबा पडला, तेव्हा काय काय झाले

दोन आठवड्यांनंतर अभिधम्माची एक झलक घ्यावी, पण झलकच. थेरवादी, म्हणजे पाली परंपरेच्या, अभिधम्मात चित्ताचे ८९, आणि वेगळ्या गणनेने १२१, प्रकार सांगितले आहेत आणि चित्तासोबत उपजणारे ५२ चेतसिक, म्हणजे मानसिक घटक. मी सुरुवातीलाच त्यांचे तक्ते पाठ करायला घेतले आणि त्यात जवळजवळ एक वर्ष घालवले. तक्ता तोंडपाठ झाला, समजले काहीच नाही.

त्याऐवजी अट्ठकथेतली, म्हणजे पाली भाष्यग्रंथातली, आंब्याची उपमा घ्यावी. एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन आंब्याच्या झाडाखाली झोपला आहे. फळ त्याच्या कानाजवळ पडते. आवाजाने तो जागा होतो, डोळे उघडून पाहतो, हात लांब करून फळ घेतो, दाबून पाहतो, हुंगतो, खातो, शेवटचा घास गिळतो आणि पुन्हा झोपतो. मे महिन्यात मानकुरादाच्या झाडाखाली दुपारची वामकुक्षी घेतलेल्या कोणत्याही गोंयकाराला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. यातली झोप म्हणजे भवंग, अर्थात विशेष विषय समोर नसताना वाहणारे जीवनाच्या बुडाशी असलेले चित्त. जागे होणे म्हणजे विषयाकडे वळणे, डोळे उघडणे म्हणजे चक्षुर्विज्ञान, फळ घेणे म्हणजे स्वीकार, दाबणे म्हणजे तपास, हुंगणे म्हणजे निश्चय, खाणे म्हणजे जवन, अर्थात विषयाला चित्ताने दिलेला प्रतिसाद, आणि गिळणे म्हणजे त्या विषयाची मागे उरणारी नोंद.

या प्रक्रियेची गणना १७ चित्तक्षणांची आहे. सुरुवातीला भवंगाचे तीन, मग वळणे, पाहणे, स्वीकार, तपास आणि निश्चय यांचा प्रत्येकी एक, त्यानंतर जवनाचे सात आणि शेवटी नोंदीचे दोन. भौतिक रूपाचा एक क्षण चित्ताच्या १७ क्षणांइतका टिकतो, अशी ही मांडणी असल्यामुळे पूर्ण प्रक्रिया एका रूपक्षणाच्या आयुष्यात बसते. नावे विसरली तरी चालतील, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्याला आपण ‘पाहिले’ म्हणतो ती एक घटना नसून घटनांची माळ आहे. आणि नवे कर्म घडते ते जवनाच्या टप्प्यावर. नुसते डोळ्यांसमोर येणे हा आधीच्या कर्माचा परिणाम आहे, चांगला किंवा वाईट प्रतिसाद नव्हे.

चौथी पायरी: क्षणाचा हिशेब मांडून पाहावा

आता काळ. आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोश या संस्कृत ग्रंथात कोष्टक दिले आहे: १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. गुणाकार केल्यास दिवसरात्रीचे ६४,८०,००० क्षण होतात, म्हणजे आपल्या एका सेकंदात ७५. त्याच परंपरेत बलवान पुरुषाच्या एका चुटकीत ६५ क्षण जातात असेही सांगितले आहे. ही चुटकी, हिशेब पाहता, बरीच सावकाश वाजवलेली दिसते. थेरवादी अट्ठकथांतला क्षण याहून कितीतरी सूक्ष्म आहे.

हा गुणाकार स्वतः कागदावर करून पाहावा आणि मग बाजूला ठेवावा, कारण क्षण म्हणजे घड्याळाचा सर्वांत लहान काटा नव्हे. त्याच ग्रंथात क्षणाची खरी व्याख्या घटनेवरून केली आहे: सर्व प्रत्यय जुळून आल्यावर एखाद्या धर्माला स्वरूप लाभायला जेवढा अवकाश लागतो तो क्षण. आधी रिकामा काळ आणि मग त्यात घडणाऱ्या गोष्टी, असे हे चित्र नाही.

सर्व काही क्षणिक का मानायचे, याचे वसुबंधूंनी दिलेले कारण नवख्याने सावकाश वाचावे. ते म्हणतात, विनाशाला हेतू लागत नाही. हेतूने काहीतरी उत्पन्न होते आणि विनाश तर अभाव आहे. अभाव उत्पन्न कसा होणार? विनाश जर अशा रीतीने आपोआपच होत असेल, तर तो उपजल्याबरोबर होईल. उपजलेली वस्तू पहिल्या क्षणी नष्ट झाली नाही आणि ती जशीच्या तशी राहिली, तर पुढच्या कुठल्याही क्षणी तिचे नष्ट होणे समजावता येणार नाही, कारण ती तर तीच आहे; आणि ती बदलली म्हणावे, तर मग ती तीच राहिली नाही. यावर आपल्याला लगेच सुचते की घडा दांडक्याने फुटतोच की. त्यांचे उत्तर असे, की दांडक्यामुळे खापऱ्यांची नवी मालिका सुरू होते. घड्याचे क्षण तर आधीपासून आपोआप संपतच होते. हे पटलेच पाहिजे असे नाही. आमच्या मंडळातील एका निवृत्त शिक्षकांना ते अजून पटलेले नाही आणि त्यांच्या हरकतींमुळेच आमची चर्चा जिवंत राहिली आहे.

पाचवी पायरी: गेलेला काळ आहे की नाही

या प्रश्नावर बौद्धांमध्येच मोठा वाद झाला. सर्वास्तिवादी पंथाचे बौद्ध म्हणत की भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील धर्म आहेत. त्यांची कारणे साधी आहेत. विज्ञानाला विषय लागतो, आणि आपण गेलेल्या गोष्टी आठवतो, तेव्हा त्या कोणत्या तरी अर्थाने असल्या पाहिजेत. शिवाय गेलेले कर्म जर नाहीच, तर ते फळ कसे देणार?

तिन्ही काळ असतील तर त्यांच्यात फरक काय, याची चार उत्तरे चार आचार्यांच्या नावावर नोंदलेली आहेत. धर्मत्रात म्हणतात, भाव बदलतो, द्रव्य नव्हे, जसे दुधाचे दही होते. घोषक लक्षणांचा आधार घेतात आणि बुद्धदेव सापेक्षतेचा. एकच स्त्री कोणाची मुलगी असते आणि कोणाची आई. वैभाषिकांनी, म्हणजे सर्वास्तिवादी आचार्यांनी, स्वीकारले ते वसुमित्रांचे उत्तर: धर्म तोच, अवस्था वेगळी. गणतीची गोटी एककाच्या घरात ठेवली तर एक, शतकाच्या घरात ठेवली तर शंभर. धर्म आपले कार्य करीत असतो तेव्हा वर्तमान, केलेले असते तेव्हा भूत, करायचे असते तेव्हा भविष्य. वसुबंधू विचारतात: ते कार्य धर्माहून वेगळे आहे की नाही? वेगळे नसेल, तर नेहमी असणारा धर्म नेहमी कार्य का करीत नाही? सौत्रांतिक या विरोधी बौद्ध पंथाचा निर्णय असा की फक्त वर्तमान आहे. भूत होते आणि भविष्य होईल, एवढेच.

या टप्प्यावर हमखास कोणीतरी मोबाईलवर आलेले ‘वर्तमानात जगा’ हे वाक्य बुद्धवचन म्हणून वाचून दाखवते. मज्झिमनिकायाच्या १३१व्या सुत्तात ‘अतीतं नान्वागमेय्य, नप्पटिकङ्खे अनागतं’, म्हणजे गेलेल्याच्या मागे धावू नये, येणाऱ्याची आस धरू नये, असे आहे, हे खरे. पण तेच सुत्त वर्तमानातील धर्मांकडेही ‘हे मी, हे माझे’ म्हणून ओढले जाऊ नये, असे बजावते. वर्तमान हे तिथे राहायचे घर नाही.

सहावी पायरी: मग आठवतो कोण

फक्त वर्तमान क्षण असेल आणि तोही संपत असेल, तर काल रायबंदरच्या फेरीबोटीवर भेटलेला माणूस आज आठवतो कसा? हा प्रश्न स्वतःला पडेपर्यंत या पायरीवर येऊ नये.

आधी मिलिंदपञ्ह पाहावा. यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा तो संवाद आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का, असे नागसेन विचारतात. राजा ‘नाही’ म्हणतो. मग तीन वेगळे दिवे होते का? तेही नाही. ‘न च सो, न च अञ्ञो’: तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. मंगेशीच्या किंवा म्हार्दोळच्या गाभाऱ्यातील समईसमोर उभे राहून हे वाचल्यासारखे आठवावे. त्याहून जवळची उपमा मला वास्कोच्या सप्ताहात सापडते. दामोदर मंदिरात श्रावणात चोवीस तास भजन अखंड चालते. एक मंडळी उठते, दुसरी बसते, गळे बदलतात, अभंग बदलतात आणि भजन तुटले असे कोणी म्हणत नाही. तरी या उपमेला एक मर्यादा आहे. तिथे मंडळी बदलली तरी मंदिर जागच्या जागी राहते. बौद्ध संततीत, म्हणजे क्षणांमागून क्षण उपजणाऱ्या मालिकेत, असे मागे उभे असलेले मंदिर नाही.

स्मृतीविषयी वसुबंधूंचे उत्तर असे की पूर्वीच्या अनुभवाशी कार्यकारणाने जोडलेले चित्त त्याच संततीत पुढे उपजते, तेच स्मरण. म्हणून देवदत्ताने पाहिलेले यज्ञदत्ताला आठवत नाही. महाळुंगाच्या फुलाला लाखेचा रंग दिला तर पुढे फळाचा गर लाल निघतो, मधल्या काळात तो रंग कुठे साठवलेला दिसला नाही तरीही. योगाचार या महायान पंथाने याच्या पुढे जाऊन आठ विज्ञाने मानली: नेहमीची सहा, ‘मी’पणाचा भ्रम धरणारे क्लिष्ट मन, आणि कर्मबीजे वागवणारे आलयविज्ञान. आलय म्हणजे मागल्या दाराने आत आलेला आत्माच, असा संशय अनेकांना येतो. त्यासाठी वसुबंधूंच्या त्रिंशिकेतील ‘तच्च वर्तते स्रोतसौघवत्’ हे शब्द वाचावेत: ते प्रवाहाच्या लोंढ्यासारखे वाहते. आलयाला ‘मी’ समजणे हेच तर क्लिष्ट मनाचे काम आहे.

सातवी पायरी: नागार्जुन, पण शेवटी

माध्यमिक पंथाचे आचार्य नागार्जुन यांच्या मूलमध्यमककारिकेचे १९वे प्रकरण कालपरीक्षा हे अवघ्या सहा श्लोकांचे आहे, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात आणि ‘सगळेच शून्य’ म्हणून मोकळे होतात. वर्तमान आणि भविष्य जर भूतकाळाच्या अपेक्षेने असतील, तर ती भूतकाळातच असायला हवीत; अपेक्षेवाचून असतील, तर ती सिद्धच होत नाहीत. हा घाव नेमका कोणावर बसतो हे, सर्वास्तिवाद्यांचा आणि सौत्रांतिकांचा वाद आधी वाचलेल्यालाच कळते.

आठवी पायरी: पुस्तके आणि परतीचे वाचन

मराठीतून या वाटेने जाणाऱ्या गोमंतकीयाला एक पूर्वज आहे. धर्मानंद कोसंबी १८७६ साली सांखवाळला जन्मले आणि १८९९ साली बुद्धाच्या शिकवणीच्या शोधात गोव्याबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपापर्यंत गेले. त्यांचे मराठी लेखन सुरुवातीला वाचावे. अभिधम्मावरची त्यांची नवनीत टीका मात्र पालीत आहे, ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करण्यापासून शोधाला सुरुवात करता येते. अभिधर्मकोश हाती आला तर तो पहिल्या पानापासून वाचू नये. पाचव्या प्रकरणातली तीन काळांची चर्चा आणि नववे प्रकरण, एवढेच आधी वाचावे.

दोन महिन्यांनी सातीचे सुत्त पुन्हा काढावे आणि शेजारी वहीच्या जुन्या नोंदी ठेवून, ‘मी’ जिथे वेष पालटून शिरला असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. आमच्यातल्या एका बाईंना पहिल्या वाचनात एकही जागा सापडली नव्हती. दुसऱ्या वेळी अकरा सापडल्या, आणि त्यांतल्या सात ठिकाणी एकच वाक्य होते: ‘लक्ष घंटेकडे गेले’. पावसावर असलेले काहीतरी उठून घंटेकडे गेले, असे त्या वाक्यात गृहीत होते. त्यांनी ते खोडले आणि वर लिहिले: ‘पाऊस ऐकण्याचे विञ्ञाण संपले. घंटा ऐकण्याचे उपजले.’